शुक्राणू आज गोठवले, तर उद्या वापरता येतील का?

प्रश्न: मी २७ वर्षांची ट्रान्स स्त्री आहे. कागदपत्रांवर अजून ‘पुरुष’ अशीच नोंद आहे. दोन महिन्यांनी माझे हार्मोन उपचार सुरू होतील. त्याआधी शुक्राणू गोठवून ठेवावेत असे डॉक्टरांनी सुचवले, पण शुक्राणू साठवणाऱ्या प्रजनन उपचार केंद्रातील समन्वयकाने ‘अविवाहितांना कायद्याने परवानगी नाही’ असे सांगून मला परत पाठवले. माझी जोडीदार स्त्री आहे आणि पुढे आम्हाला मूल हवे आहे. काय करावे?

उत्तर: समन्वयकाने शुक्राणू साठवणे आणि ते गर्भधारणेसाठी वापरणे या दोन गोष्टींची गल्लत केली आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ मधील ‘विवाहित जोडपे’ ही अट मूल होण्यासाठी एकत्र उपचार घेणाऱ्यांना आहे. स्वतःचे शुक्राणू स्वतःसाठी जपून ठेवण्यास हा कायदा कोठेही मनाई करत नाही. कर्करोगाच्या उपचारांपूर्वी अविवाहित तरुण हेच करतात. अशाच एका दिवंगत तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, तेव्हा तो अविवाहित होता ही बाब आड आली नाही. तेव्हा उपचारांचा प्रजननक्षमतेवर परिणाम होणार आहे, असे डॉक्टरांचे पत्र घेऊन लेखी अर्ज करा, आणि तरीही नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागा. तोंडी नकार देणारे लेखी द्यायची वेळ आली की बहुधा पुन्हा विचार करतात.

हे उपचारांआधीच उरकावे. इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) व अँड्रोजेनरोधक (पुरुषी हार्मोन रोखणाऱ्या) औषधांनी शुक्राणूनिर्मिती मंदावते किंवा थांबते, औषधे बंद केल्यावर ती पूर्ववत होईलच असे नाही, आणि वृषणे काढल्यानंतर तर प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण वापराच्या वेळी येईल. आपण कागदोपत्री ‘पुरुष’ असताना विवाह झाला, तर आपण दोघी कायद्याच्या दृष्टीने पतिपत्नी ठराल आणि वंध्यत्वाचे वैद्यकीय कारण दाखवून आपलेच शुक्राणू वापरून उपचार मागता येतील. आधी नोंद ‘स्त्री’ अशी करून घेतली, तर मात्र विवाहाचीच वाट बंद होते. कारण सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ट्रान्स व्यक्तींना भिन्नलिंगी विवाहाचा हक्क आहे असे म्हटले, पण समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. जोडीदाराने एकटी स्त्री म्हणून उपचार घ्यायचे ठरवले, तर तिला नोंदणीकृत बँकेतील अनामिक दात्याचे शुक्राणू मिळतील, आपले नव्हेत. म्हणून लिंगनोंदीच्या बदलाची घाई करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हा सल्ला कटू आहे हे मी जाणतो. आपली ओळख कायद्याच्या सोयीसाठी थांबवावी लागणे मला योग्य वाटत नाही. पुढे नोंद बदलल्यास आधीचा विवाह आपोआप संपतो असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही, तरी त्या टप्प्यावर कोणी हरकत घेतल्यास वाद न्यायालयात जाऊ शकतो, याची तयारी ठेवावी.

नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या, व्यक्तींचीही हीच कोंडी होते. कायद्याची वयोमर्यादा ‘स्त्री’ (२१ ते ५०) आणि ‘पुरुष’ (२१ ते ५५) या दोनच रकान्यांत आहे, त्यामुळे उपचार केंद्र ज्या कागदावर बोट ठेवेल त्यावर सगळे अवलंबून राहते.

आता संमतीपत्राकडे येऊ, कारण लोक सर्वाधिक चुका येथेच करतात. याच कायद्याच्या कलम २२ नुसार आपला मृत्यू झाल्यास किंवा आपण निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास नमुन्याचे काय करावे, हे लेखी सांगणे आवश्यक असते. छापील पर्यायांवर नुसती खूण करून मोकळे होऊ नका. जोडीदाराने तो वापरावा अशी इच्छा असल्यास तिचे पूर्ण नाव लिहून तसे स्पष्ट नमूद करा. नमुन्याच्या कुपीवर आजचे नाव असेल, म्हणून नाव बदलल्यावर राजपत्राची प्रत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केंद्राकडे देऊन पोच घ्या. साठवणुकीची मुदत आणि नूतनीकरणाची तारीखही करारात लिहून घ्या. पुढे परदेशी स्थायिक होण्याचा विचार असल्यास, कलम २९ नुसार स्वतःचे गोठवलेले शुक्राणू वैयक्तिक वापरासाठीसुद्धा या कायद्याखालील राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत.