एका योजनाचे किलोमीटर किती?

प्रश्न असा आला आहे: 'सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १६०० योजना दिला आहे. योजन हे माप जर अंगुळावर, म्हणजे बोटाच्या रुंदीवर उभे असेल, तर या १६०० योजनांचे किलोमीटर किती धरायचे? कुठे एक योजन ८ किलोमीटरचे सांगतात, कुठे १३चे.'

नेमका एक आकडा कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. का, ते बोटापासूनच पाहू.

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (इ.स. ११५०) सुरुवातीलाच कोष्टक आहे. जवाचे ८ दाणे पोटाशी पोट लावून ठेवले की एक अंगुळ, २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश आणि ४ क्रोशांचे योजन. क्रोश म्हणजे आपला कोस. गुणाकार केला तर योजनात ३२,००० हात, म्हणजेच ७,६८,००० अंगुळे बसतात. त्याआधी साडेसहाशे वर्षे आर्यभटानेही हेच दिले आहे: ९६ अंगुळांचा किंवा ४ हातांचा एक 'नृ', म्हणजे माणूस, आणि अशा ८००० माणसांचे योजन. कोष्टक पक्के आहे. कच्चे आहे ते बोट. कौटिल्य अंगुळाची एक व्याख्या 'मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली जाडी' अशी करतो, पण मध्यम पुरुष कोण हे ठरवणार कोण? बोटात एका मिलिमीटरचा फरक पडला की योजनात पाऊण किलोमीटरहून अधिक पडतो.

तरीही हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सरासरी ४५ सेंटिमीटर धरून पाहू. योजन १४.४ किलोमीटरचे होते. आर्यभटाचा भूव्यास १०५० योजने, म्हणजे १५,१२० किलोमीटर. खरा सरासरी व्यास १२,७४२. हे ठीकच म्हणायचे. पण सूर्यसिद्धांताच्या १६०० योजनांचे याच हिशेबाने २३,०४० किलोमीटर होतात, आणि भास्कराचार्यांच्या १५८१ योजनांचे पावणेतेवीस हजारांवर.

आता ते लोकप्रिय ८ किलोमीटर घ्या. १६०० गुणिले ८ म्हणजे १२,८००. किती छान जुळले! पण उलटे चालून बोटापर्यंत या. ८ किलोमीटरचे योजन म्हणजे २५ सेंटिमीटरचा हात आणि जेमतेम एक सेंटिमीटरचे अंगुळ. २५ सेंटिमीटर ही फार तर ऐसपैस वीत झाली, हात नव्हे. पुष्कळ ठिकाणी पृथ्वीचा आजचा व्यास समोर ठेवून योजन ठरवतात आणि मग त्याच योजनाने प्राचीनांचा व्यास अचूक होता असे सिद्ध करतात. हा हिशेब नाही, हे वर्तुळात फिरणे आहे.

लीलावती आणि पृथ्वीचा परिधी सांगणारा गोलाध्याय हे दोन्ही भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या एकाच ग्रंथाचे भाग. तरीही कोष्टकातले योजन आणि भूपरिधीचे योजन यांची लांबी एकच होती असे मानणे मला कठीण जाते. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात; खुद्द कोसही बदलत असणार.

गोलाध्यायातली परिधी काढायची रीत मात्र बिनचूक आहे. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन गावांतले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या. इतक्या अंशांना इतकी योजने, तर ३६० अंशांना किती? अक्षांश काढायला १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी. विषुवदिनी मध्यान्ही पडणारी त्याची सावली म्हणजे पलभा, आणि पलभा भागिले १२ यावरून अक्षांश मिळतो. इथे बोट कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. शंकू आणि सावली एकाच बोटाने मोजली की भागाकारात बोट उडून जाते! ते पुन्हा आडवे येते गावांमधल्या अंतरात, कारण ते जमिनीवरच मोजावे लागते.

म्हणून जुन्या आकड्यांची पारख गुणोत्तराने करावी. आर्यभटाचा चंद्र ३१५ योजनांचा, पृथ्वी १०५०, गुणोत्तर ०.३. सूर्यसिद्धांतात ४८० आणि १६००, पुन्हा ०.३. आज आपण ०.२७ मानतो. योजन कितीचेही असो, हे यश खरे. त्याच न्यायाने सूर्याचे अपयशही खरे. आर्यभटाचा सूर्य ४४१० योजनांचा, म्हणजे पृथ्वीच्या ४.२ पट. प्रत्यक्षात तो सुमारे १०९ पट आहे. किलोमीटरची कोणतीही युक्ती हा फरक भरून काढत नाही.

अनुवादात किंवा लेखात तुम्ही आकडा योजनांतच ठेवा, कंसात किलोमीटर देऊ नका. द्यायचेच असतील तर हात किती सेंटिमीटरचा धरला तेही लिहा.

जाता जाता: 'योजन' नपुंसकलिंगी आहे, म्हणून अनेकवचन 'योजने'. '१६०० योजना' लिहिले की वाचकाला सरकारी कार्यक्रम आठवतात. विभक्ती लागली की 'योजनांचा', 'योजनांवर' हे बरोबर. अंगुळाचेही तसेच, 'बारा अंगुळे'. वीत स्त्रीलिंगी, 'दोन विती'. हात आणि कोस पुल्लिंगी, आकड्यापुढे जसेच्या तसे.