‘कचरा संकलन’ नव्हे, बेवारस घरांची वसुली

संगणकशास्त्राची मराठी टिपणे तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे प्रोग्रॅमच्या वापरातून सुटलेली स्मृतीतील जागा आपोआप परत मिळवणे, या संज्ञेसाठी ‘कचरा संकलन’ लिहावे की ‘कचरा संग्रहण’. उत्तरपद कोणतेही घेतले तरी ‘कचरा’ हे पूर्वपद तसेच राहते आणि घोटाळा तिथेच आहे. मोबाइलमधील जुनी छायाचित्रे काढून जागा करण्यालाही कधीकधी हेच नाव दिले जाते, आणि ‘नको असलेली माहिती यंत्र आपोआप पुसते’ अशी व्याख्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जाते. तिच्यातील ‘नको असलेली’ आणि ‘पुसते’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिस्प ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा रचली आणि एप्रिल १९६० मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. आयबीएम ७०४ या यंत्राच्या स्मृतीतील मोकळ्या घरांची, म्हणजे माहिती ठेवण्याच्या छोट्या कप्प्यांची, एक यादी ठेवलेली असे, प्रोग्रॅमला लागेल तसे एकेक घर तिच्यातून दिले जाई, आणि ती संपेपर्यंत कोणत्या घराचे काम उरले नाही याची चौकशीही होत नसे. यादी संपली की ठरावीक मूळ घरांपासून निघून, दुव्यामागून दुवा (एका घरात नोंदलेला दुसऱ्या घराचा पत्ता) धरत, जिथे जिथे पोहोचता येते त्या प्रत्येक घराचे धन-ऋण चिन्ह खूण म्हणून ऋण केले जाई. मग याद्यांसाठी राखलेली सगळी स्मृती ओळीने तपासून ऋण चिन्हे पूर्ववत केली जात आणि जिथे एकही दुवा पोहोचला नाही ती घरे मोकळ्यांच्या यादीत पुन्हा जमा होत. या फेरीला कित्येक सेकंद लागतात, म्हणून एका फेरीत निदान काही हजार घरे हाती आली पाहिजेत, असेही मॅकार्थींनी बजावले होते. यंत्राला मजकुराचे मोल कळत नाही; त्या घराकडे जाणारी वाट उरली आहे की नाही, एवढेच ते पाहते.

अशा वस्तूसाठी मराठीत नेमका शब्द आहे: बेवारस. फारसी ‘बे’ म्हणजे विना आणि अरबी ‘वारिस’ म्हणजे वारसाहक्काचा धनी. बेवारस पिशवीत सोनेही असू शकते. तिच्यावर हक्क सांगणारा कोणी नाही, इतकेच हा शब्द सांगतो. मोगल अमलात वारस न ठेवता मेलेल्याची मालमत्ता ‘बैत-उल-माल’मध्ये जमा होई. अरबीत ‘बैत’ म्हणजे घर आणि ‘माल’ म्हणजे संपत्ती. तिथे गेलेली मालमत्ता नष्ट होत नसे, तर पुन्हा उपयोगात येई. मॅकार्थींची मोकळ्या घरांची यादी हा संगणकाचा बैत-उल-मालच आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून ‘बेवारस-वसुली’ ही संज्ञा मी सुचवतो.

‘मूळ इंग्रजीतच गार्बेज आहे, मग मराठीत कचरा का नको?’ असा युक्तिवाद करणाऱ्या परिभाषाकारांनी तो निबंध उघडलेला दिसत नाही. त्याच्या मजकुरात शब्द आहे ‘रेक्लमेशन’, म्हणजे परत मिळवणे; वांद्र्यामुळे मुंबईकरांच्या तोंडी बसलेला तोच. ‘गार्बेज कलेक्शन’ हे बोलण्यातले नाव होते; ते छापायला आपण धजलो नाही, किंवा प्रयोगशाळेतील व्याकरण तपासणाऱ्या स्त्रियांनी ते राहू दिले नसते, असे मॅकार्थींनीच पुढे एका तळटिपेत नोंदवले आहे.

संगणकशास्त्रज्ञ जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्येच दुसरी रीत मांडली: घरे जोडून केलेल्या माहितीच्या एखाद्या यादीकडे किती दुवे येतात ते मोजत राहायचे आणि मोजणी शून्यावर आली की जागा तत्काळ परत घ्यायची. मात्र दोन याद्यांनी एकमेकींचे दुवे धरले असतील आणि बाहेरचा शेवटचा दुवा तुटला, तर कोणाचीच मोजणी शून्यावर येत नाही आणि ती जागा कायमची अडकते. ‘कचरा’ म्हणून हा दोष समजावता येत नाही. ‘बेवारस’ म्हटले की दोन मृतांची नावे एकमेकांचे वारस म्हणून दप्तरात राहिली आणि मिळकत कोणाच्याच हाती लागली नाही, हे विद्यार्थ्याला लगेच उमगते.