गुप्त पोलिसांचे पुढे काय होते? बहुधा त्यांना निवृत्तिवेतन मिळते

हुकूमशाही कोसळल्यावर तिच्या गुप्त पोलिसांतील अधिकाऱ्यांना खरोखर शिक्षा होते का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की खटले चालतात, निकालही लागतात, पण शिक्षा भोगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. मी सांगणार आहे ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांविषयी, म्हणजे 'पिदे'विषयी, कारण त्या राजवटीच्या पोलिसांचा हात गोव्यातल्या आमच्या बार्देशातल्या घरापर्यंत पोहोचला होता.

कासिमिरो मोंतेरो कोण, हे गोव्यातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. तो जन्माने गोव्याचाच. १९५० च्या दशकात इथल्या पोलीस दलात असताना 'आजेंत मोंतेरो' या नावाने तो राजकीय कैद्यांच्या छळासाठी कुप्रसिद्ध झाला आणि पुढे पोर्तुगालला जाऊन पिदेत शिरला. जनरल हुंबेर्तो देल्गादो यांनी १९५८ ची अध्यक्षीय निवडणूक सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध लढवली होती. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पोर्तुगालच्या सीमेलगत, स्पेनच्या हद्दीत, विरोधी गटाशी भेट घालून देण्याच्या बहाण्याने त्यांना बोलावून घेण्यात आले आणि त्यांच्यासह त्यांच्या ब्राझिलियन सचिव महिलेलाही ठार मारण्यात आले. मारणाऱ्या पिदेच्या तुकडीचा प्रमुख रोझा कासाको होता, गोळ्या झाडणारा मोंतेरो. १९६९ मध्ये दार-ए-सलाम येथे फ्रेलिमो या मोझांबिकच्या मुक्ती चळवळीचे नेते एदुआर्दो मोंडलेन ज्या बॉम्बने मारले गेले, त्याच्याशीही मोंतेरोचे नाव जोडले जाते.

आता पडझडीचा भाग. ही हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत पिदेच्या लोकांनी आपल्या लिस्बनमधील मुख्यालयातून जमावावर गोळीबार करून चार माणसे मारली, दुसऱ्या दिवशी ते शरण आले, आणि ज्या काशियश तुरुंगातून राजकीय कैदी सुटले तिथेच यांची रवानगी झाली. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले ते १९६९ पर्यंत बंदिवासात होते, गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावरही याच काशियशमध्ये होते, हे लक्षात घेतले तर या अदलाबदलीत थोडे समाधान वाटते. ते फार टिकत नाही. २९ जून १९७५ रोजी आल्कोएन्त्रेच्या तुरुंगातून पिदेचे ८९ जण पळून गेले. देल्गादो खटल्याचा निकाल १९८१ मध्ये लागला. तोवर पिदेचा शेवटचा संचालक सिल्वा पाइश मरण पावला होता. न्यायालयाने वरिष्ठांचा बेत केवळ अपहरणाचा होता असे धरून खुनाचे खापर एकट्या मोंतेरोवर फोडले आणि त्याला गैरहजेरीत १९ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा सुनावली. तो दक्षिण आफ्रिकेत होता, आणि १९९३ मध्ये तिथेच मेला. कासाकोने फरारी असतानाच १९९८ मध्ये लिस्बनच्या एका साप्ताहिकाला मुलाखत दिली आणि २००६ मध्ये तो पोर्तुगालमध्येच वारला.

हे सारे मला इतके पाठ आहे, याला माझा आतेभाऊ कारण आहे. तो पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला स्थायिक झाला आहे, चवथीला गावी येतो आणि जेवणे आटोपली की, "आमच्या पोर्तुगालात क्रांतीनंतर सगळ्यांना कोर्टात उभे केले, हिशेब चुकता झाला, तुम्ही इथे अजून उगाळत बसला आहात," असे ऐकवतो. एका चवथीला तो हे माझ्या मामांसमोर बोलला. मामांना १९५५ मध्ये, घरात काही पत्रके सापडली म्हणून, पोलिसांनी उचलून नेले होते. खटला नाही, आरोपपत्र नाही. काही आठवडे कोठडीत ठेवून पालमातोरीने, म्हणजे भोके पाडलेल्या जाड लाकडी पळीने, तळहातांवर मारले आणि सोडून दिले. त्यानंतर उजव्या हाताची शेवटची दोन बोटे त्यांना कधीच मिटता आली नाहीत. ते भात कालवायचे तो अंगठा आणि दोन बोटांनी, आणि आमटी मनगटाकडे ओघळू नये म्हणून कोपर पाटाच्या बाजूला दाबून धरायचे. आतेभावाचे बोलणे ऐकून त्यांनी हात धुतला आणि ते अंगणात गेले.

आतेभावाला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून सोयीचे नव्हते, ते असे. मामांना मारणारा शिपाई मुक्तीनंतर नव्या राज्यात सरकारी नोकरीत सामावला गेला, आधीची सेवा धरून निवृत्त झाला, आणि अखेरपर्यंत दर महिन्याला पेन्शन आणायला जात होता. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण त्याची नातवंडे आमच्याच गावात आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. मामांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून अर्ज केला तेव्हा मात्र त्यांच्याकडे कारावासाचा दाखला मागितला गेला. मारणाऱ्याच्या नोकरीचा दिवसन् दिवस कागदावर होता, मार खाणाऱ्याच्या कोठडीची नोंदच कुणी केली नव्हती. अर्ज फेटाळला गेला.

हे केवळ गोव्यातच घडले असेही नाही. पिदेच्या दोन माजी हस्तकांना देशासाठी केलेल्या असाधारण सेवेबद्दल निवृत्तिवेतन मंजूर झाल्याचे १९९२ मध्ये पोर्तुगालात उघड झाले, आणि २५ एप्रिलला चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरलेल्या कॅप्टन साल्गेरो माइया यांना तसे वेतन त्याआधी नाकारले गेले होते. हिशेब चुकता झाला म्हणणाऱ्याने ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत.

सर्वत्र असेच घडते असा माझा दावा नाही. चिलीच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास २०१५ मध्ये मेला तेव्हा त्याच्या शिक्षांची बेरीज पाचशे वर्षांच्या वर गेली होती आणि तो कैदीच होता. पण त्यामागे बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांनी अनेक दशके न सोडलेला पाठपुरावा होता. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे श्टासीचा, प्रमुख एरिश मिल्के १९९३ मध्ये दोषी ठरला, तो मात्र श्टासीतील कारभारासाठी नव्हे, तर १९३१ मध्ये केलेल्या दोन पोलिसांच्या खुनासाठी. पोर्तुगालातही काही जण तुरुंगात बसले, हे नाकारता येणार नाही.

तेव्हा आपण हा विषय अभ्यासासाठी घेतला असेल तर निकालपत्रावर थांबू नका. शिक्षा झालेला माणूस त्यानंतर कुठे राहिला आणि त्याला पैसे कोण देत होते, ते शोधा. घरात त्या काळातले कुणी हयात असेल तर कोठडीचे ठिकाण, महिना, सोबतच्या कैद्यांची नावे आजच लिहून घ्या. पिदेचे दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात १९९४ पासून खुले आहे. आमचा आतेभाऊ दर वर्षी ज्या विमानतळावरून गोव्याला निघतो त्याला २०१६ पासून देल्गादो यांचेच नाव आहे, आणि तो विमानतळ त्याच शहरात आहे. पुढच्या चवथीला येण्यापूर्वी त्याने एक दिवस त्या अभिलेखागारात घालवावा, मग आमच्या ओसरीवर बसून हवे ते बोलावे.