वाचक विचारतात: उकळत्या धुराड्याजवळची कोळंबी आपल्याच कोळंबीपैकी का?

प्रश्न: आमचा घरचा मासळीचा धंदा आहे. परवा मुलाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, समुद्राच्या तळाशी धुराड्यातून काळं पाणी उसळतंय आणि भोवती पांढऱ्या कोळंबीची नुसती झुंबड. ही आपल्याच कोळंबीची जात का? आणि आपल्या बाजूच्या समुद्रात मिळते का?
— एक वाचक, मालवण

उत्तर: ताई, निम्मं उत्तर तुमच्या टोपलीतच आहे बघा. आपली पांढरी कोळंबी, टायगर, अगदी जवळासुद्धा, यांच्या माद्या अंडी सरळ पाण्यात सोडतात, पण नदी-खाडीतला तो मोठा झिंगा, व्यापारी ज्याला स्कॅम्पी म्हणतात, त्याची मादी अंड्यांचा गुच्छ पोटाखाली धरून फिरते. धुराड्याजवळची कोळंबी या झिंग्याच्या गटातली, त्याला कॅरिडिया म्हणतात. अजून एक खूण, झिंगा आडवा धरून शेपटाकडची वळी बघा, दुसऱ्या वळ्याची बाजूची पाकळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही वळ्यांवर चढलेली दिसेल, टायगरमध्ये तशी नसते. म्हणजे राहते खाऱ्या पाण्यात पण नातं गोड्या पाण्यातल्या झिंग्याशी जवळचं, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप गंमत वाटली होती.

व्हिडिओतलं धुराडं म्हणजे समुद्रतळाचा गरम झराच. असे झरे माणसाने पहिल्यांदा बघितले १९७७ मध्ये, पॅसिफिकमध्ये गॅलापागोसजवळ, अल्विन नावाच्या पाणबुडीतून. तिथल्या कोळंबीला १९८२ मध्ये अल्विनोकॅरिस नाव मिळालं आणि पुढे सगळ्या कुळाचंच नाव अल्विनोकॅरिडिडी झालं. व्हिडिओत झुंबड दिसते ती बहुतेक रिमिकॅरिस एक्झोक्युलाटा, अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेतली, नाव दिलं १९८६ मध्ये. एक्झोक्युलाटा म्हणजे डोळे नसलेली. पण १९८९ मध्ये शास्त्रज्ञ सिंडी व्हॅन डोव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिला डोळे आहेत, फक्त ते पाठीवर आहेत, कवचाखाली दोन चकचकीत पट्टे, भिंग नाही त्यामुळे चित्र दिसत नाही पण अंधुक उजेड टिपायची ताकद जबरदस्त, बहुतेक झऱ्याच्या तोंडाची मंद चमक कळत असावी असा अंदाज आहे. चूक कळली तरी नाव तेच राहिलं, कारण एकदा नियमाने ठेवलेलं नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाहीत.

वर्गीकरणात खरा गोंधळ पिल्लांनी घातला. पिल्लू दिसतं वेगळं, नारिंगी-लाल रंगाचं आणि डोळेही वेगळे, त्यामुळे १९९६ मध्ये एका पिल्लाला चक्क नवीन वंश (जवळच्या जातींचा गट) म्हणून इओरानिया असं नाव दिलं गेलं, आणि दोन वर्षांनी डीएनए तपासल्यावर कळलं की हे तर एक्झोक्युलाटाचंच पोर! कोरोकॅरिस नावाचा वेगळा वंश होता त्यातल्या जातीही नंतर रिमिकॅरिसमध्ये घेतल्या, म्हणून जुन्या आणि नव्या लेखात एकाच कोळंबीची दोन नावं दिसली तर घाबरू नका. माझं मत विचाराल तर या कुळात नुसत्या दिसण्यावर अजिबात जाऊ नये.

आता कुठे कुठे मिळते. अटलांटिकमध्ये एक्झोक्युलाटाचं राज्य, एका चौरस मीटरमध्ये दोन-अडीच हजार सुद्धा असतात, कारण डोक्याच्या फुगीर कवचाच्या आत ही बॅक्टेरिया पाळते आणि ते झऱ्यातल्या सल्फाइड वगैरेवर वाढून हिला पोसतात, म्हणून झऱ्याला चिकटूनच राहावं लागतं. झऱ्याचं पाणी ३५० डिग्रीच्या वर जातं पण ती उभी असते गार पाणी मिसळतं त्या कडेला. लकी स्ट्राइक या कमी खोल जागेवर दुसरीच छोटी जात जास्त, मिरोकॅरिस फॉर्च्युनाटा, नावातलं नशीब त्या जागेवरूनच आलंय. कॅरिबियनमध्ये जवळजवळ ५ किलोमीटर खोलीवर रिमिकॅरिस हायबिसी आहे. पूर्व पॅसिफिकच्या झऱ्यांवर मात्र लांब लाल नळी-किडे दिसतात, कोळंबीच्या अशा झुंडी नाहीत.

आणि हो, आपल्या हिंदी महासागरातही आहे! रिमिकॅरिस कैरेई, २००२ मध्ये नाव दिलं, मध्य हिंदी महासागराच्या रांगेवरच्या कैरेई या झऱ्यावरून, साधारण २४५० मीटर खोल. दिसायला अटलांटिकवालीची बहीणच. मालवणच्या किनाऱ्यावर किंवा जाळ्यात ती कधीच येणार नाही, ती जागा हजारो किलोमीटर लांब आहे. पण तिकडचं संशोधन आपल्या शेजारून चालतं, गोव्यात वास्कोला एनसीपीओआर ही ध्रुव आणि समुद्र संशोधनाची सरकारी संस्था आहे, तिने आणि चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने मिळून २०२४ च्या डिसेंबरमध्ये हिंदी महासागरात ४५०० मीटर खोलीवरच्या चालू झऱ्याचे फोटो काढले. तिथल्या धातूंच्या साठ्यांचा शोध घ्यायला भारताने २०१६ मध्ये १० हजार चौरस किलोमीटरसाठी करारही केलाय, त्यामुळे कुठल्या झऱ्यावर कुठली कोळंबी राहते याची नीट यादी आत्ताच व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, झरा एकदा उकरला की तिथली झुंड जाणार कुठे?