मेलबर्नला एक्सरसाइज फिजिऑलॉजी शिकायला येतेयस? आधी 'एस्सा' बघ

बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, संपल्यावर मेलबर्नला एक्सरसाइज फिजिऑलॉजीत (व्यायामातून उपचार) मास्टर्स करावं का आणि पुढे एखाद्या टीमसोबत काम मिळेल का, असं विचारलंयस. आधी टीमचं सांगते. इथल्या फुटबॉलच्या, म्हणजे एएफएल या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, क्लबांची संख्या 18. तिथे शिरायला इथलीच पोरं रांग लावून उभी असतात. कर्जाचे हप्ते त्या भरवशावर ठेवू नकोस.

पोट भरतं ते पेशंटवर: मधुमेह, हृदयविकार, जुनी कंबरदुखी. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, उपचाराचा प्लॅन लिहून दिला की वर्षाला एकूण पाच भेटींचे काही पैसे मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, देतं. पण त्यासाठी तू अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे मान्यताप्राप्त, एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हवीस, आणि ती मान्यता विद्यापीठ नाही, एस्सा (एक्सरसाइज अँड स्पोर्ट सायन्स ऑस्ट्रेलिया) ही या व्यवसायाची संघटना देते. "सगळं सेमच असतं मॅडम" म्हणत एजंटने माझ्या गळ्यात स्पोर्ट सायन्सचा कोर्स मारला. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते, काढायला शिकले, खेळाडूंची बोटं टोचून लॅक्टेट मोजलं, मजाही आली. पण मान्यता नाही! मग दुसरा कोर्स, दुसरी फी.

त्यात आपली बीपीटीएच म्हणजे इथली एक्सरसाइज सायन्सची पदवी नव्हे. क्लिनिकल मास्टर्सला बहुधा तीच मागतात, त्यामुळे आधी काही विषय भरून काढावे लागू शकतात. सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत आत्ताच काढून ठेव, नंतर कॉलेजचा क्लार्क ओळख दाखवत नाही. आणि हे मास्टर्स केलं म्हणून इथे फिजिओ म्हणून काम करता येत नाही. त्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, परीक्षा वेगळ्या.

मान्यतेसाठी एकूण 500 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे प्लेसमेंटवरचं प्रत्यक्ष काम, लागतं. बिनपगारी. टर्म चालू असताना पंधरवड्याला 48 तास नोकरी करता येते हे खरं, पण प्लेसमेंटच्या दिवसांत शिफ्ट जमत नाहीत. माझं एक प्लेसमेंट ट्रेनने दीड तासावर होतं. कॅफेची नोकरी तिथेच सुटली. तेवढ्या महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच ये.

शिक्षणानंतरच्या 485 व्हिसासाठी किमान 92 आठवड्यांचं नोंदणीकृत शिक्षण लागतं. दीड वर्षाच्या कोर्सवर एकट्याने ते भरत नाही, हेही एजंट सांगत नाहीत. ऑफर लेटर आलं असेल तर कोर्सचं नाव आणि आठवडे कळव, एस्साच्या यादीत आहे का ते मिळून बघू.