प्रायॉरिटी डेट तुझी स्वतःची असते

अगं, तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एच-वन, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायचा व्हिसा, लॉटरीत लागला हे ऐकून खूप बरं वाटलं, पण पुढचं ऐकून जीव अडकला. कंपनी म्हणते ग्रीन कार्डचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचं, दोन वर्षांनी बघू, आणि तू म्हणतेस की आत्ताच विचारलं तर कसं दिसेल. मी पण असाच विचार करून तीन वर्षं गप्प बसले होते गं, आणि ती तीन वर्षं मला अजून खुपतात, म्हणून एवढं लांबलचक लिहितीये.

आधी हिशोब समजून घे. अमेरिकेत नोकरीच्या जोरावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात नवरा बायको मुलं सगळे मोजले जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांच्या वर नाही. पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. (उद्या लग्न दुसऱ्या देशात जन्मलेल्या मुलाशी केलंस तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, पण त्यासाठी लग्न करू नको.) म्हणून २०२५ मधे ईबी-टू काय नि ईबी-थ्री काय, नोकरीवाल्यांच्या या दोन्ही रांगांत भारताची तारीख २०१२-१३ मधेच अडकलेली होती. म्हणजे ज्यांचा अर्ज बारा वर्षांपूर्वी गेला होता त्यांचा नंबर तेव्हा लागत होता. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. या रांगेत तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तू रांगेत कधी उभी राहतेस.

ती तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, आणि ती ठरते कंपनी तुझं पर्म, म्हणजे लेबर खात्याकडचा ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज, फाइल करते त्या दिवशी. त्याच्या आधी लेबर खात्याकडून पगाराची पातळी ठरवून घ्यायची, मग जाहिराती द्यायच्या, अगदी रविवारच्या पेपरात दोनदा, आणि त्या जागेला लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही हे दाखवायचं. मग पर्म, ते मंजूर झालं की १८० दिवसांच्या आत आय-१४०, म्हणजे कंपनीने तुझ्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज. सगळं धरून दोन वर्षं सहज जातात. एच-वन सहा वर्षांचा, आणि त्याच्यापुढे एक्स्टेन्शन हवं असेल तर पर्म नाहीतर आय-१४० फाइल होऊन वर्ष झालेलं असावं लागतं, किंवा आय-१४० मंजूर असावा लागतो, मग तीन तीन वर्षं मिळतात. आता तूच सांग, दोन वर्षांनी "बघू" म्हणाले, मग बजेट, मग नवीन मॅनेजर, मग ले-ऑफ झाले म्हणून पर्म थांबवलं, की पाचवं वर्ष उजाडलंच.

तेव्हा विचार, आणि ईमेलवर विचार. लाजू नको. "माझं पर्म कधी सुरू होईल, पॉलिसी काय आहे" एवढंच. आणि पर्मचा खर्च, वकिलाची फी धरून, कंपनीनेच करायचा असा नियम आहे, तुझ्या पगारातून कापतो म्हणाले तर तिथून दुसरीकडे बघायला लाग.

आय-१४० मंजूर झाला की तुझे पाय जमिनीला टेकले असं समज. त्यानंतर नोकरी बदललीस तर नवीन कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, पण तारीख जुनीच राहते. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी तेवढ्याने तो रद्द होत नाही. पण मंजुरीच्या आधी सोडलंस तर बहुतेक सगळं शून्यावर. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा पर्म फाइलसुद्धा झालेलं नव्हतं. तीन वर्षं मरमर काम केलं, दर अप्रेझलला "पुढच्या क्वार्टरमधे" ऐकलं, आणि रांगेत मी नव्हतेच. कोणावर राग काढायचा, मी लेखी काही मागितलंच नव्हतं.

मंजुरीच्या नोटिसची कॉपी मागून ठेव. काही कंपन्या देत नाहीत, तो अर्ज त्यांचा असतो, निदान रिसीट नंबर आणि तारीख तरी लिहून घे. वकील गोड बोलेल पण त्याला नेमलेलं आणि पैसे दिलेले कंपनीने, हे डोक्यात ठेव.

आता तुझी पुण्याची आधीची नोकरी. रिलीव्हिंग लेटर आहे म्हणालीस, त्याने भागत नाही. पर्ममधे जो अनुभव दाखवायचा तो बहुतेक वेळा आधीच्याच कंपन्यांमधला लागतो, आणि त्याच्या पत्रात तू नक्की काय काम करायचीस, कुठल्या टेक्नॉलॉजीवर, फुल टाइम होतीस का, सगळं हवं. माझ्या पत्रात दोन ओळी होत्या, वर्तणूक चांगली वगैरे. मागायला गेले तर कंपनी विकली गेलेली, बाणेरच्या ऑफिसवर दुसराच बोर्ड. शेवटी जुना टीम लीड लिंक्डइनवर सापडला, त्या बिचाऱ्याने सुट्टी टाकून नोटरीकडे जाऊन अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवलं. सहा आठवडे गेले, आणि तेवढीच माझी तारीख लांबली. तुझा मॅनेजर अजून तिथेच आहे ना, या आठवड्यात फोन कर.

आणि जन्मदाखला. शेवटच्या टप्प्याला, आय-४८५ ला, म्हणजे ग्रीन कार्डच्या तुझ्या स्वतःच्या अर्जाला लागतो, पण आत्ताच काढून बघ कारण आपल्याकडे त्यात फार घोळ असतात. माझ्या दाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं "स्त्री". शिवाय आईचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, कारण लग्नात नाव बदललेलं. बाबांनी नगरपालिकेत चार खेपा घातल्या, शाळा सोडल्याचा दाखला नेला, तेव्हा नाव चढलं. आईच्या दोन नावांसाठी वेगळं अ‍ॅफिडेव्हिट. हे सगळं आईबाबांच्या अंगात फिरण्याची ताकद आहे तोवर होऊ दे.

आज रात्री घरी बोलशील तेव्हा दाखला कपाटातून काढायला सांग, आणि त्यावर तुझं नाव आहे का आणि आईचं काय छापलंय त्याचा फोटो मला पाठव.