बंद पडलेलं 'किस' पिनबॉल मशीन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या गंगापूर रोडला एका बंगल्यात 'किस' या अमेरिकन रॉक बँडचं 1979 चं पिनबॉल मशीन (स्टीलची गोळी उडवत खेळायचा खेळ) विकायला आहे, पण बंद आहे, तर घ्यावं का. घ्या, पण मागच्या उभ्या पेटीवरची चित्राची काच पाहून मगच.

माझ्याकडे हेच मशीन आहे, मीही ते बंदच आणलं होतं. बॅली कंपनीने अशी सुमारे 17 हजार मशीन बनवली. मशीन मिळेल हो, धड काचेचं मिळणं अवघड. उभ्या पेटीवर जीन सिमन्स, पॉल स्टॅनली, एस फ्रेहली आणि पीटर क्रिस या बँडमधल्या चौघांचं जे चित्र दिसतं, ते काचेच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. त्याच्या मागे दिवे. दिव्यांची धग आणि आपला पावसाळा, दोन्ही मिळून रंगाचे पापुद्रे सुटतात. मी पहिल्याच आठवड्यात आतून ओलं फडकं फिरवलं आणि फ्रेहलीच्या खांद्याजवळचा रंग फडक्यावर आला. अजून वाईट वाटतं. तुम्ही आतून बोटही लावू नका. मागून मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि पुढून पाहायचं. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर तिथला रंग गेलाय. घरी आणल्यावर पेटीत थंड राहणारे एलईडी दिवे लावा आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून मशीन लांब ठेवा.

खालच्या प्लेफील्डवर, म्हणजे गोळी फिरते त्या फळीवर, कुठे लाकूड उघडं पडलंय तेही पाहून घ्या.

बाकी, बंद असण्याला घाबरू नका. उभ्या पेटीत मुख्य सर्किट बोर्डावर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. हिरवट-निळसर बुरा दिसला तर बॅटरी कापून काढा, जागा व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर ते 120 व्होल्टवर जोडलेलं असू शकतं. आपल्या 230 च्या प्लगमध्ये तसंच घालू नका, आधी जाणकाराकडून ट्रान्सफॉर्मरची जोडणी तपासून घ्या.

फ्लिपरची (गोळी टोलवणाऱ्या दांडीची) कॉइल जळली असेल तर नाशिकच्याच अंबडला रिवाइंडिंगवाल्यांकडे जुनी कॉइल घेऊन जा. तारेचा गेज (जाडी) आणि टर्न (वेढे) मोजून तेवढेच भरायला सांगा. आत दोन वायंडिंग असतात, एक जोराने ओढणारं, एक धरून ठेवणारं. फ्लिपर पूर्ण वर गेला की एक छोटा स्विच उघडतो, दुसरं वायंडिंग मध्ये येतं आणि करंट उतरतो. तो स्विच उघडत नसेल तर नवी कॉइलही जळेल, म्हणून आधी तो नीट करा.

काचेचा पुढून आणि मागून फोटो टाका, मी पाहून सांगतो.